शंभर टक्के परतावा

शुक्रवारी पाचपर्यंत नाव काढलं तर
पूर्ण पैसे परत.
सोमवारपासून अर्धे.
त्यानंतर फक्त एक अक्षर, डब्ल्यू,
गुणपत्रिकेवर शेजारी शेजारी दोन खड्डे,
ज्यांत पाणीसुद्धा साचत नाही.

आज गुरुवार. फॉल रिव्हरमध्ये उणे नऊ.
हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मी चादरींच्या घड्या घालतेय
आणि घडीगणिक हिशेब:
फी अकराशे चाळीस, प्रयोगशाळेचे पंच्याऐंशी,
पुस्तक नाहीच, पुस्तकाऐवजी एक कोड,
सोळा अक्षरांचा, एकशे तीस डॉलरचा,
जून उजाडला की मरणारा.
जुनं पुस्तक निदान
कुणाच्या तरी पेन्सिलीच्या रेघांसकट मिळायचं.

दुसऱ्या बाजूला तेल.
टाकीचा काटा पावाच्या खाली,
आणि तेलवाला शंभर गॅलनच्या आत
गाडी पाठवत नाही.
आई घरात कोट घालून टीव्ही बघते
आणि म्हणते, मला थंडी वाजतच नाही.
तिनं आयुष्यात जेवढ्या थापा मारल्या
त्या सगळ्या याच जातीच्या.

भूशास्त्र नर्सिंगला लागत नाही.
सल्लागारबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं: ऐच्छिक.
मला हसू आलं.
माझ्या इच्छेच्या नावावर
कुणी चार क्रेडिट राखून ठेवले असतील
असं कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी कोवाल्चिक सरांनी
प्रत्येकाच्या हातात एकेक दगड दिला.
घरी न्या, म्हणाले, आठवडाभर सांभाळा,
मग सांगा कुठून आला.
पुढच्या बाकावरच्या पोरानं फोटो काढून
लगेच नाव शोधलं.
नाव नाही विचारलं मी, सर म्हणाले.

माझा काळा, बारीक भोकांचा.
बसमध्ये हातमोजा काढून चाचपत बसले.
घरी टेबलावर ठेवला.
आईनं चष्मा न लावताच उचलला,
त्यावरून अंगठा फिरवला,
म्हणाली, हा तर आमच्या मागच्या भिंतीतला.
साव मिगेलला शेताशेतात असेच बांध,
गाई पाठ घासायच्या त्यांना.
मग खाली ठेवला.
तिथं दगडच होते, दियोलिंदा,
म्हणून तर आलो.

रात्रभर पाकिटाच्या पाठीवर आकडे.
बेरीज चुकत नाही, हीच अडचण.
चुकली असती
तर त्या चुकीच्या भरवशावर शिकले असते.

शुक्रवार, चार वाजून दहा. टोकन एकसष्ट.
खिडकीत छप्पन.
शेजारी एक मुलगी फॉर्म भरतेय
आणि तिच्या मांडीवरचं बाळ त्याचा कोपरा चावतंय.
खिशात दगड.
आधी तो परत करायला हवा.
वर गेले. प्रयोगशाळेला कुलूप,
दाराखालची फट दगडाहून बारीक.
खाली आले तर त्रेसष्ट चालू.
नवीन टोकन, अडुसष्ट.

फॉर्मवर 'कारण' असा रकाना.
आजारपण, स्थलांतर, वेळेची अडचण, इतर.
पैसे हा पर्यायच नव्हता.
'इतर'वर खूण केली, पुढं बोटभर रेघ होती,
तीवर लिहिलं: तेल.
खिडकीतल्या बाईनं वाचलं,
माझ्याकडे पाहिलं,
परत वाचलं,
आणि शिक्का मारला.
परतावा दहा कामाच्या दिवसांत, म्हणाली.
टाकीला काय माहीत कामाचे दिवस कोणते.
तेल शेवटी कार्डावरच भरलं.

शनिवारी दुपारी आईनं कोट काढून खुंटीला अडकवला.
काही बोलली नाही.

मंगळवारी गेले, दगड द्यायला म्हणून.
तास सुरू झाला होता. दारातच उभी राहिले.
सरांनी विचारलं, मग, कुठून आला?
भिंतीतून, म्हटलं.
वर्ग हसला.
सर नाही हसले.
कोणत्या भिंतीतून, म्हणाले,
आणि पायानंच एक स्टूल
माझ्याकडे सरकवलं.